बहात्तराव्या घरापलीकडे

ताई, तुम्ही जिंकलात. हे वाक्य तुमच्यासमोर माझ्या तोंडून कधी निघालं नाही, आणि आता ऐकायला तुम्ही नाही, म्हणून लिहून ठेवतोय. तुमचं तेरावं होऊन चार दिवस झाले. या दिवसांत मी रडलो एकदाच, हसलो मात्र बऱ्याचदा, आणि काल दुपारी तर भर ऑफिसात उभं राहून टाळी वाजवली. लोकांना वाटलं अविनाशभाईंचं काहीतरी बिनसलं. बिनसलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी तुम्ही केलेली एक लबाडी माझ्या हाती लागली होती. ती सांगतोच, पण आधी आपलं भांडण.

भांडण कशावरून होतं हे बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं की तो हसतो. माझी बायको वृंदा अजून हसते. आपण बडोद्यात बसून परदेशातल्या एका विमा कंपनीचा मेनफ्रेम सांभाळायचो. तो अवाढव्य कॉम्प्युटर आपल्यापैकी कुणी डोळ्यांनी पाहिलेला नाही. त्याच्यापर्यंत पोचायच्या वाटा दोन. एक जुनी: काळा स्क्रीन, हिरवी अक्षरं, माऊस नाही, सगळा कारभार की-बोर्डवर. ऑफिसातली गुजराती मुलं त्याला 'काळुं पाटियुं' म्हणायची आणि आपण दोघं नुसतं 'पाटी'. दुसरी वाट म्हणजे नवा एडिटर, रंगीत अक्षरांचा, डावीकडे फायलींची यादी, माऊसने टिचकी मारा, चुकलं तर शब्दाखाली नागमोडी रेघ. कुणालाही वाटेल की साठीला टेकलेल्या रोहिणीताई पाटीच्या बाजूच्या असणार आणि त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान असलेला मी नव्याच्या. झालं होतं नेमकं उलटं, आणि मला राग त्याचाच होता.

कारण मला पाटी शिकवली तुम्हीच. नोकरीच्या पहिल्या दिवशी तुम्ही माझा माऊस उपसून काढलात, त्याची वायर गुंडाळलीत आणि तो स्वतःच्या ड्रॉवरमध्ये टाकून कुलूप लावलंत. "महिनाभर हात की-बोर्डवरून उचलायचा नाही," म्हणालात. पहिला आठवडा माझा उजवा हात टेबलावर रिकामाच चाचपडायचा. महिना संपता संपता मात्र स्क्रीन समोर यायच्या आधीच माझी बोटं पुढच्या स्क्रीनचं टाइप करून मोकळी होऊ लागली. त्या वेगाचा मला केवढा माज होता, ताई. अजूनही आहे, खोटं कशाला बोलू.

मग माझं पहिलं काम आलं. हप्त्याचा हिशेब करणाऱ्या एका प्रोग्रॅममध्ये बदल करायचा होता आणि तो जमला तरच नोकरी पक्की होणार होती. गुरुवारपासून तो चाचणीत आपटत होता. शुक्रवारी दुपारी बाबांना दवाखान्यात हलवल्याचा फोन आला. मी शेवटचा एक प्रयत्न करून काम चाचणीला टाकलं आणि निघालो. तुम्ही म्हणालात, "जा तू. मी उद्या लहरीपुऱ्यात खरेदीला जाणार आहे, नाहीतर आले असते दवाखान्यात." सोमवारी आलो तर तुम्ही दारातच सांगितलंत, "पास झालं तुझं काम, अवि. एकही खोट निघाली नाही." माझा विश्वास बसेना, मग बसला, आणि मग तो असा बसला की पुढची वीस वर्षं येईल त्याला मी ती गोष्ट ऐकवत राहिलो. बाप दवाखान्यात, डोक्यात घोर, तरी गड्याने काम पास करून दाखवलं. त्या सोमवारी मी विचारलंही होतं, लहरीपुऱ्यात काय घेतलंत. "काहीच पसंत पडलं नाही," म्हणालात.

भांडणाची ठिणगी दोन वर्षांपूर्वी पडली. आपले मॅनेजर धर्मेशभाई मीटिंगमध्ये तोंड पाडून बसले होते. वर्षभरात तीन नवी मुलं सोडून गेली होती. एक तर पहिल्याच दिवशी पाटी बघून जेवायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही, त्याची पाण्याची बाटली आपण महिनाभर खिडकीत ठेवली होती. विमा कंपनीने कळवलं होतं की दिवाळीपर्यंत चार नवी माणसं स्वतंत्रपणे काम करताना दिसली पाहिजेत, नाहीतर काम दुसऱ्या शहरातल्या ऑफिसकडे जाईल. आणि दोन-दोन वाटा ठेवायच्या नाहीत, पाटी किंवा एडिटर, एक काय ते तुम्हीच ठरवा. आपण नऊ जण होतो. काम गेलं असतं तर मलाही त्याच्या मागे बडोदं सोडावं लागलं असतं, किंवा नोकरी. घरी ऐंशीची आई, वृंदाची शाळा, प्रतापनगरचं घर. मी कुठेही जाऊ शकत नव्हतो. तुमची निवृत्ती दीड वर्षावर आलेली. तुमचं काहीच अडत नव्हतं, आणि पहिल्यांदा बोललात तुम्ही.

"धर्मेशभाई, नवुं राखो. पाटियुं बंध करो."

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. मीटिंग संपल्यावर मी तुमच्या टेबलाशी आलो. तुम्ही ड्रॉवर उघडलात, तळातून तो माऊस काढलात, पदराने पुसलात आणि माझ्या हातात दिलात. पोटात गोळी फिरणारा जुना माऊस, त्याची पिन आता कुठल्याच कॉम्प्युटरला बसत नाही. "तुझी वस्तू आहे. परत घे," म्हणालात. मी तो माझ्या टेबलावर आदळला आणि दोन दिवस तुमच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी बोललो, कारण तुम्ही डब्यात सुरळीच्या वड्या आणल्या होत्या. धर्मेशभाई येता-जाता दोन उचलायचे आणि "खांडवी सरस छे, बेन," म्हणायचे. तुम्ही "हां ने" म्हणून डबा पुढे सारायचात. नावावरून तुम्ही कधी कुणाशी वाद घातला नाहीत. माझ्याशी मात्र रोज.

"पाटीवर माणूस विचार करून टाइप करतो," मी म्हणायचो. "तुमच्या रंगीत खेळण्यात आधी टाइप करतो, मग विचार."

"बरोबर. पण विचार करणारी माणसं आणायची कुठून? पाटी हातात बसायला महिना लागतो आणि मुलं महिना टिकत नाहीत."

"टिकत नाहीत ती नकोतच आपल्याला."

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. "मग बस एकटा, पाटी पुसत."

त्यावर शर्यत ठरली. कामाचा शनिवार, एकच बदल, तुम्ही एडिटरवर आणि मी पाटीवर. सगळं ऑफिस खुर्च्या ओढून बसलं होतं. मी तुम्हाला अकरा मिनिटांनी हरवलं. हरणाऱ्याने सेव-उसळ खिलवायची होती. तुम्ही खिलवलीत, मी दोनदा तर्री मागून घेतली आणि खाता खाता माझ्या बोटांचं कौतुक मीच केलं. तुम्ही शांतपणे पाव मोडत होतात. "जिंकलास तू," म्हणालात. "आता तुझ्या जागी हेतलला बसव आणि परत लाव शर्यत."

हेतल पादऱ्याहून बसने येणारी नवी मुलगी, दुसऱ्याच आठवड्यातली. सोमवारी ती पाटीवर बसली. संध्याकाळपर्यंत तिची एक ओळ झाली आणि डोळे भरून आले. मंगळवारी तुम्ही तिला एडिटरवर बसवलंत. जेवणाच्या सुट्टीआधी तिचा अख्खा बदल तयार. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी पाणी प्यायला उठलो.

बुधवारी मात्र देव माझ्या बाजूने उभा राहिला. हेतलच्या बदलामुळे वर्षाचा हप्ता एका महिन्याच्या हप्त्याइतकाच येत होता. चूक मीच शोधली आणि ती सापडल्यावर मला जो आनंद झाला त्याची आज लाज वाटते. आपल्या प्रोग्रॅमची ओळ ऐंशी घरांची, एका घरात एक अक्षर. पण यंत्र वाचतं ते बहात्तराव्या घरापर्यंत, पुढची आठ घरं त्याच्या लेखी रिकामी. पाटीवर ओळ तिथेच संपते, मुद्दाम उजवीकडे सरकल्याशिवाय पुढे टाइपच होत नाही. एडिटर मात्र अडवत नाही. हेतलची ओळ लांबली होती, बारामधला एक बसला बहात्तराव्या घरात आणि दोन गेला त्र्याहत्तराव्यात. यंत्राने बाराच्या जागी एकाने गुणलं. पाटीवर ही चूक होणंच शक्य नव्हतं.

मग मी काय केलं ते तुम्हाला कधी सांगितलं नाही. मी धर्मेशभाईंना लांबलचक मेल लिहिली. नवा एडिटर धोक्याचा आहे, नवी मुलगी कच्ची आहे, आणि रोहिणीताईंना वयोमानाने आता हे बारकावे लक्षात राहत नाहीत. हो, ताई, 'वयोमानाने' असं लिहिलं. ज्या बाईने माझी बोटं घडवली तिच्याबद्दल, तिच्यापासून पाच फुटांवर बसून.

दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर उभ्या राहिलात आणि म्हणालात, "हेतलची चूक नाही. बहात्तरावर रेघ ओढायची सोय एडिटरमध्ये आहे, ती मी चालू करून दिली नव्हती. चूक माझी." आणि लगेच प्रत्येकाच्या मशीनवर जाऊन ती उभी लाल रेघ लावून आलात. माझ्याही. मी म्हटलं, मी हा एडिटर उघडतच नाही. "असू दे ने," म्हणालात, "रेघ काय खायला मागते?" हेतल त्या दिवसापासून तुमची झाली. तिच्यामागून आणखी तिघं आली आणि यावेळी एकानेही बाटली सोडून पळ काढला नाही.

दिवाळीच्या आधी दोन आठवडे विमा कंपनीच्या माणसांनी व्हिडिओ कॉलवर चौघांची परीक्षा घेतली. तुम्ही त्यांच्या मागे उभ्या होतात आणि एक अक्षर बोलला नाहीत. हेतलने चालू कामातली चूक त्यांच्यासमोर शोधून तासाभरात दुरुस्त केली. काम बडोद्यातच राहिलं. नऊच्या नऊ जण राहिले, वर ही चार नवी. मी प्रतापनगरला घरी जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग त्या रोहिणीला जेवायला बोलाव." बोलावलं नाही मी. माझी बाजू हरली होती ना.

त्या शनिवारी तुम्ही लहरीपुऱ्यातून चार छोटी पितळी कुलपं आणलीत आणि चौघांना एकेक ड्रॉवर देऊन त्याला लावायला सांगितलीत. "ड्रॉवरला कुलूप लावलं की माणूस मुक्कामाला आला," म्हणालात. आणि सोमवारी, पाटी बंद करायचा कागद सहीला आला तेव्हा, तुम्ही पेन खाली ठेवलंत. परदेशातल्या साहेबाला फोनवर तुमच्या बडोदी इंग्रजीत सुनावलंत की एडिटर आम्ही घेतो, पण पाटीही राहू दे. आमच्याकडे एक माणूस आहे, त्याचे हात त्या पाटीवर चालतात. कुणी कुठल्या वाटेने यायचं ते काम करणाऱ्याला ठरवू द्या, बदल बरोबर झाला म्हणजे झालं. साहेब दहा मिनिटं कुरकुरला आणि कबूल झाला. जिंकलेल्या माणसाने हरलेल्यासाठी भांडलेलं मी दुसरीकडे बघितलेलं नाही. आणि मी तुम्हाला काय म्हणालो? "उपकार नको होते, ताई." तुम्ही हसलात. "जवा दे ने, अवि."

तुम्ही निवृत्त झालात. पाच महिने मी "या रविवारी नक्की येतो" म्हणत राहिलो. त्या मेलबद्दल सांगायचं होतं, समोर बसून, चहा घेताना. मग एका सकाळी तुमच्या मुलाचा फोन आला. झोपेतच गेलात. तेराव्याला धर्मेशभाई माझ्या शेजारी बसले होते. ते म्हणाले, "अविनाशभाई, तुमची ती मेल मी बेनला त्याच दिवशी दाखवली होती. त्यांनी पूरी वाचली आणि म्हणाल्या, एने ना कहेता, एने खोटुं लागशे." मला सांगू नका, मला वाईट वाटेल म्हणून. तुम्हाला काय वाटलं ते कुणी विचारलंच नाही. मी पत्रावळीपुढून उठलो, मागच्या अंगणात गेलो, आणि ते एकदाचं रडणं तिथे झालं.

आता काल दुपार. परदेशात कुठला तरी नियम बदलला म्हणून वीस वर्षं कुणी हात न लावलेला एक प्रोग्रॅम उघडायची वेळ आली. माझं पहिलं काम. बरोबर चालत होतं म्हणून कुणाला उघडावंच लागलं नव्हतं, मलाही नाही. हेतल आता नव्यांना शिकवते. तिने हाक मारली, "सर, जरा आवो ने." तिच्या स्क्रीनवर एडिटर होता, बहात्तरावर तुमची लाल रेघ आणि रेघेपलीकडे करड्या रंगाची अक्षरं.

"सर, आ ए-व्ही-आय कोण छे? तमे?"

मी मोठ्या रुबाबात सांगायला लागलो. यंत्र ती आठ घरं वाचत नाही, म्हणून जुन्या काळी माणसं तिथे आपल्या नावाची अक्षरं टाकायची. ही ओळ कुणी लिहिली ते कळावं म्हणून. मी लागलो तेव्हा ही पद्धत शेवटच्या घटका मोजत होती. पाटीवर ती घरं दिसत नाहीत, एक कळ दाबून उजवीकडे सरकावं लागतं, आणि मला सरकायचा कंटाळा, म्हणून माझी अक्षरं कामाच्या शेवटी तुम्हीच टाकत होतात. नवी मुलं माना डोलावत होती. सगळीकडे माझं नाव. माझी छाती फुगली.

मग मला त्या चार ओळी दिसल्या. तुम्ही नेहमी म्हणायचात, "तुझ्या ओळी म्हणजे बसच्या रांगेतली माणसं, एक पुढे, एक मागे." तुमच्या ओळी शब्दाखाली शब्द, दोरीत लावल्यासारख्या. त्या गचाळ प्रोग्रॅमच्या मधोमध चार ओळी अशा सरळ उभ्या होत्या. मी त्या वाचल्या. मी त्या लिहिलेल्या नव्हत्या. त्या नसत्या तर ते काम कधीच पास झालं नसतं. आणि चारींच्या शेवटी, रेघेपलीकडे, माझं नाव होतं.

तुम्ही लहरीपुऱ्यात गेलाच नव्हतात, ताई. शनिवारी ऑफिसात येऊन माझं काम दुरुस्त केलंत आणि ओळींवर नाव माझं टाकलंत. वीस वर्षं मी माझी म्हणून मिरवलेली गोष्ट तुमची होती, तुम्ही ती शंभरदा ऐकलीत आणि दर वेळी मान डोलावलीत. एक कळ दाबली असती तर मला कधीच दिसलं असतं. पाटीने ते झाकून ठेवलं आणि ज्या एडिटरला मी खेळणं म्हणायचो त्याने न मागता दाखवलं. तेव्हा मी टाळी वाजवली.

हेतल म्हणाली की उजवीकडची जुनी अक्षरं एका टिचकीत साफ करता येतात. "काढी नाखुं?"

"नको," म्हटलं. "ऊठ, मला बसू दे."

बसलो. माऊस हातात घेतला, तोही चुकून आधी उलटा धरला आणि नवी मुलं खुसखुसली. चार ओळींवरून माझी अक्षरं पुसली आणि तुमची टाकली. जे काम पाटीवर मी अर्ध्या मिनिटात केलं असतं त्याला तुमच्या एडिटरमध्ये सहा मिनिटं लागली. म्हणजे वेगाच्या बाबतीत माझंच खरं होतं, तेवढं मात्र मी सोडणार नाही. पाटीही सोडणार नाही. तुम्ही ती माझ्यासाठी भांडून ठेवली आहे.

बदल मंजुरीला गेला आणि धर्मेशभाई स्वतः उठून आले. "अविनाशभाई, आमां तो कंई बदलातुं ज नथी. यंत्र तर हे वाचतसुद्धा नाही. कारणाच्या जागी काय लिहू?"

मी सांगितलं तसं त्यांनी लिहिलं: नावाची दुरुस्ती. या ओळी रोहिणीताईंच्या आहेत, इतकी वर्षं चुकून अविनाशच्या नावावर होत्या. त्यांनी ते एकदा वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि मंजूर केलं.

आज सकाळी लवकर आलो. प्रोग्रॅम एकही खोट न निघता पार पडला होता. लाखो माणसांचे हप्ते त्या चार ओळींमधून गेले, ताई, आणि या वेळी त्यांच्यावर तुमचं नाव होतं.